घरात आहे पण घरी नाहीये

सकाळी पावणेनऊला कचऱ्याचा डबा बाहेर ठेवायला दार उघडलं की समोरच्या काकू हमखास विचारतात, "काय गं, कुठे निघालीस?" आणि मी सांगते, "नाही काकू, ऑफिस आहे," आणि दार लावून आत येते. माझं ऑफिस आतच आहे, बेडरूमच्या खिडकीखाली, सासऱ्यांच्या जुन्या लाकडी टेबलावर. पण इस्त्रीचा कुर्ता, बांधलेले केस, टिकली, हातात घड्याळ, एवढं सगळं झाल्याशिवाय मी त्या टेबलावर बसत नाही, आणि बऱ्याच जणींनी मला विचारलंय की घरूनच काम करायचं तर एवढं कशाला, कोण बघतंय. म्हणून म्हटलं एकदा सगळं नीट लिहूनच टाकावं, कारण याचं उत्तर मला दोन ओळींत देता येत नाही.

तर मी अकाउंट्सला आहे. व्हेंडरची बिलं तपासायची, पास करायची, पेमेंटला लावायची. ७ तारखेच्या आत टीडीएस, २० च्या आत जीएसटीचं रिटर्न, त्याआधी सगळं मॅचिंग, आणि महिनाअखेर आली की रात्रीचे दहा. काम डोक्याचं आहे असं म्हणणार नाही, लक्षाचं आहे. एक बिल दोनदा पास झालं तर संपलं. ऑफिस लोअर परळला, एका जुन्या मिलच्या कंपाऊंडमध्ये. भांडुपवरून ८:१७ ची स्लो लोकल पकडायची, परळला उतरायचं आणि पुलावरून चालत जायचं, बारा वर्षं हेच केलं.

मग २०२० चा मार्च आला. २२ तारखेला जनता कर्फ्यू, त्या रात्रीपासून लोकल बंद, २५ पासून लॉकडाऊन. ऑफिसने लॅपटॉप पाठवला आणि आमच्या वन बीएचकेमध्ये चार माणसं चोवीस तास, मी, नवरा, आई म्हणजे सासूबाई, आणि तेव्हा दुसरीत असलेला मुलगा. पहिल्याच आठवड्यात कपाटातले ऑफिसचे कपडे मागे गेले आणि गाऊन पुढे आले.

आता गाऊन म्हणजे काय हे मुंबईत कुणाला समजवायला नको. कॉटनचा, छापील, पुढे चेन, धुऊन धुऊन मऊ झालेला. भाजीवाला आला की वरून ओढणी टाकायची, दूध आणायला ओढणी, सोसायटीच्या मीटिंगला ओढणी. लॉकडाऊनमध्ये व्हिडिओ कॉललाही तीच ओढणी कामाला आली, आणि पुढे पुढे तर कॅमेरा कुणी लावायलाच सांगेना, मग ओढणीसुद्धा नाही.

तेव्हा जिथे तिथे सांगत होते की घरून काम करताना नाईट ड्रेस घालू नका, कारण तो झोपेचा कपडा आहे, मेंदूला वाटतं आराम चाललाय आणि माणूस आळसावतो. मला ते वाचून पटायचं पण लागू पडायचं नाही, का ते कळायला मला बरेच महिने लागले. माझा गाऊन झोपेचा कपडा नव्हताच! आमच्याकडे गाऊन हा घरकामाचा युनिफॉर्म आहे. कणीक मळायची ती गाऊनमध्ये, मशीन लावायचं ते गाऊनमध्ये, आईंच्या गोळ्या, मुलाचा डबा, ओटा पुसणं, सगळं गाऊनमध्ये. ऑफिसमधून आल्यावर मी गाऊन घालायचे म्हणजे आराम सुरू व्हायचा असं नाही, दुसरी पाळी सुरू व्हायची. आणि आता मी त्या दुसऱ्या पाळीचा युनिफॉर्म घालून पहिल्या पाळीचं काम करायला बसले होते. आळस कुठला, मला तर श्वास घ्यायला वेळ नव्हता. दोन्ही पाळ्या एकाच वेळी चालू होत्या.

घराचाही काही दोष नव्हता, खरंच नव्हता. गाऊनमधली बाई दिसली की कुणीही तिला हाकच मारणार. "दूध बघ गं जरा." "आई, माझी निळी वही?" "अगं टॉवेल कुठेय?" प्रत्येक हाक अर्ध्या मिनिटाची, दिवसभरात किती व्हायच्या मी मोजल्या नाहीत, पण प्रत्येक वेळी परत येऊन मी स्क्रीनवर कुठल्या ओळीवर होते ते शोधायचे. एक्सेलच्या शीटमध्ये ओळ सापडते, पण डोक्यात आपण काय विचार करत होतो ते सापडत नाही.

ऑक्टोबरमध्ये व्हायचं ते झालं. महिनाअखेर होती, दुपारी साडेतीनची वेळ, मी पलंगावर बसले होते, मांडीवर उशी आणि उशीवर लॅपटॉप. एका व्हेंडरचं आधी प्रोफॉर्मा बिल, म्हणजे पक्क्या बिलाआधीचं कच्चं बिल, आलं होतं, त्यावर पेमेंट गेलं होतं. आता त्याचं टॅक्स इनव्हॉइस, म्हणजे पक्कं बिल, आलं, नंबर वेगळा, तारीख वेगळी, रक्कम तीच, १,८४,००० रुपये. हे आधीच्याशी जुळवायचं आणि बंद करायचं, दोन मिनिटांचं काम, बारा वर्षांत हजारदा केलेलं. मी जुनी एन्ट्री उघडली आणि कुकरची शिट्टी झाली, तिसरी की चौथी यावर आईंचं आणि माझं बोलणं झालं, मी उठून गॅस बंद केला, तिथेच कोथिंबीर धुवून ठेवली, परत आले आणि बिल पास करून टाकलं. एका कामाचे पैसे दोनदा गेले. ते परत यायला अकरा दिवस लागले आणि त्या अकरा दिवसांत मी रोज सकाळी उठल्याबरोबर आधी बँकेचं स्टेटमेंट बघायचे. मॅनेजर ओरडले नाहीत, फक्त मेलमध्ये लिहिलं की तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती. ते वाक्य मला अजून पाठ आहे.

त्यानंतर आठवड्याभरात ऑडिटरचा कॉल होता, कॅमेरा लावणं सक्तीचं. मी मार्चनंतर पहिल्यांदा कपाटातून निळा कॉटनचा कुर्ता काढला, सलवार घातली (कॅमेऱ्यात दिसणार नव्हती तरी घातली, कधी उठावं लागेल सांगता येत नाही), केस बांधले, टिकली लावली, घड्याळ घातलं. पलंगावर बसून तो कुर्ता चुरगळला असता म्हणून सासऱ्यांचं टेबल रिकामं केलं, त्यावर मुलाच्या खेळण्यांचा ढीग असायचा, आणि तिथे बसले. कॉल दोन तास चालला. संपल्यावर माझ्या लक्षात आलं की दोन तासांत मला एकही हाक आली नाही. बाहेर टीव्ही चालू होता पण आवाज अगदी बारीक, आणि मुलाने पाण्याची बाटली बाबांकडून भरून घेतली होती, जे आमच्या घरात तोपर्यंत कधी घडलं नव्हतं.

मी आईंना विचारलं, "आई, आज कुणी हाकच मारली नाही?"

तर म्हणाल्या, "अगं तू ऑफिसचे कपडे घातलेस ना. म्हटलं ऑफिसात असशील."

ऑफिसात असशील! मी त्यांच्यापासून आठ फुटांवर होते, मधे फक्त दार, तेही उघडं. त्या दिवसापासून मी घरून काम करताना गाऊन घातलेला नाही.

नंतर मी यावर थोडं वाचलं. २०१२ साली हाजो अॅडम आणि अॅडम गॅलिन्स्की या दोन संशोधकांनी एक प्रयोग केला होता, लोकांना पांढरा कोट घालायला दिला. काहींना सांगितलं हा डॉक्टरचा कोट आहे, काहींना सांगितलं हा चित्रकाराचा. कोट तोच! तर डॉक्टरचा म्हणून घालणाऱ्यांचं लक्ष जास्त नेमकं राहिलं, दोन चित्रांमधले फरक शोधण्यात ते पुढे होते, आणि तो कोट नुसता समोर ठेवून बघणाऱ्यांवर तेवढा परिणाम झाला नाही. म्हणजे कपडा अंगावर पाहिजे आणि त्याचा अर्थही डोक्यात पाहिजे. मी हे वाचून खूश झाले होते, पण पुढे २०१९ मध्ये दुसऱ्या काही संशोधकांनी त्यातला पहिला प्रयोग जास्त लोकांवर परत करून बघितला आणि तो परिणाम त्यांना दिसला नाही. म्हणून कपड्याने मेंदू तल्लख होतो वगैरे मी कुणाला सांगत नाही. माझा अनुभव वेगळाच आहे. माझ्या घरात कुर्त्याचा परिणाम आधी माझ्यावर झालाच नाही, तो घरातल्या बाकी तिघांवर झाला. त्यांनी मला हाका मारणं सोडलं म्हणून माझं लक्ष लागलं.

आणि इथे मला एक गोष्ट बोलायचीच आहे. नवराही त्याच घरातून काम करत होता, हॉलमध्ये, वर शर्ट आणि खाली बर्मुडा, आणि कॉल नसेल तेव्हा नुसता बनियन. त्याला कधी कुणी हाक मारली नाही. बनियनवर बसलेला पुरुष कामात आहे असं घर आपोआप धरून चालतं आणि बाईला मात्र ते अंगावर घालून दाखवावं लागतं. हे मी त्याला सांगितलं तेव्हा त्याला वाईट वाटलं, आणि दुपारचा चहा तेव्हापासून तो करतो. पण हे असं असायला नको, घराला माझा कुर्ता न बघताही कळायला हवं, हे मला मनापासून वाटतं. ते होईल तेव्हा होईल, तोपर्यंत बिलं तर पास करायचीच आहेत.

त्याच काळातली कोर्टाची गोष्ट मला फार पटली होती. सुप्रीम कोर्टाने मे २०२० मध्ये ऑनलाइन सुनावणीसाठी वकिलांना काळा कोट आणि गाऊन (त्यांचा गाऊन वेगळा!) माफ केला, पण साधा पांढरा शर्ट किंवा पांढरी सलवार-कमीज किंवा पांढरी साडी, आणि गळ्याला तो पांढरा बँड, हे सांगितलं. पुढच्याच महिन्यात एक वकील टी-शर्ट घालून पलंगावर आडवे असे सुनावणीत दिसले आणि त्यांना माफी मागावी लागली. म्हणजे बघा, कोट गेला, पण बँड राहिला. मी कोर्टात आहे हे सांगायला जेवढं कमीत कमी लागतं तेवढं त्यांनी ठेवलं. मुलाखतीला जाताना नटतात तसं नटून टेबलावर बसावं असं माझंही म्हणणं नाही, प्रत्येकीने आपला बँड काय ते ठरवावं. माझा कुर्ता आणि घड्याळ आहे.

कारण आधी हे सगळं आपल्यासाठी लोकल करून द्यायची. लेडीज डब्यात रोज बघितलंय, भांडुपला चढताना बाई अर्धी घरात असते, केस ओले, पिन तोंडात, फोनवर "गिझर बंद कर" चालू. घाटकोपरपर्यंत वेणी होते, कुर्ल्याला लिपस्टिक, आणि दादरला उतरते ती पूर्ण ऑफिसची बाई. येताना उलटं, मटार सोललेले, मेथी निवडलेली, कुणाची हनुमान चालीसा चालू, भांडुप येईपर्यंत ती परत घरची झालेली असते. तो तासाभराचा प्रवास जीव काढायचा, चौथी सीट मिळाली तरी देवाचे आभार, पण तो या दोन बायांच्या मधला उंबरठा होता. घरून काम सुरू झालं आणि तो उंबरठा एकदम गेला, पलंगावरून उठायचं आणि दोन पावलांवर लॉगिन. आता मला तो कपड्यांनी बनवावा लागतो.

हे मी एकदा आईंना सांगत होते, तर त्यांनी मला सासऱ्यांचं सांगितलं. ते परळच्या एका मिलमध्ये साचेखात्यात, म्हणजे कापड विणायच्या खात्यात, होते. सूत तुटू नये म्हणून खात्यात मुद्दाम दमट हवा ठेवायचे, त्यात घाम, त्यामुळे शर्ट काढून ठेवायचा आणि अर्ध्या चड्डी-बनियनवर साचे चालवायचे. पाळी सुटली की परत शर्ट. घरी यायचे तेव्हा केसांत, भुवयांवर कापसाचे बारीक तंतू. लालबागच्या चाळीत दहा बाय बाराच्या खोलीत सात माणसं, तिथे तो शर्ट दाराबाहेरच्या खिळ्याला टांगून, मोरीत हातपाय धुवून, लेंगा घालूनच आत यायचे. मग १८ जानेवारी १९८२ ला संप झाला, अडीच लाख कामगार बाहेर, आणि त्यांची मिल त्यांच्यासाठी परत कधीच सुरू झाली नाही. आई म्हणाल्या, "पण पहिल्या पाळीच्या वेळेला उठायचे, आंघोळ, दाढी, शर्ट-पँट, आणि मग पेपर घेऊन बसायचे त्या टेबलावर. मी एकदा म्हटलं, कुठे जायचं नाही तर बनियनवर बसा की, उकडतंय किती. तर म्हणाले, बनियनवर बसलो की घरी बसल्यासारखं होतं."

आपल्याकडे "तो घरी बसलाय" याचा अर्थ काय होतो ते सगळ्यांना माहितेय. मी त्या दिवशी बराच वेळ टेबलाच्या लाकडावर हात ठेवून बसले होते. मी जिथे नोकरी करते ती इमारतही मिलच्याच जागेवर आहे, त्यांची मिल नव्हे, पण तिथून चालत पाच मिनिटांवर.

बरं आता कपड्यांचं, कारण ते विचारणाऱ्याच जास्त आहेत. पहिली गोष्ट, ऑफिसला घालतो तेच घरी चालेल असं नाही. ऑफिसला एसी असतो, तिथे पॉलिएस्टरचा टॉप चालून जातो, घरात मे महिन्यात पंख्याखाली तोच टॉप अंगाला चिकटतो आणि अर्ध्या तासात चिडचिड सुरू. मी दिवसभर जीन्स घालून बघितली, कंबरेला वळ उठले. म्हणून हिंदमाताला गेले, दादरच्या कापड बाजारात, आणि कॉटनचे तीन पीस घेतले, गडद निळा, मोरपंखी आणि राखाडी, आणि आमच्या गल्लीतल्या शिंपीणबाईंकडून सरळ कुर्ते शिवून घेतले. बाह्या कोपरापर्यंत, म्हणजे टाईप करताना मधे येत नाहीत. बाजूचे कट थोडे वरपासून, कारण खुर्चीवर आठ तास बसायचंय. आणि खिसा! उजव्या बाजूला खोल खिसा, त्यात मोबाईल आणि इअरफोन. पाणी प्यायला उठले तरी फोन बरोबर, आणि ओटीपीसाठी घरभर पळणं बंद. या एका खिशाने माझा जेवढा वेळ वाचला तेवढा कुठल्या अॅपने वाचला नाही.

खाली कॉटनची सैल पँट, नाडीची, इलास्टिकची नाही, मला नाडी बरी वाटते, जेवणानंतर सैल करता येते. ब्राबद्दल मैत्रिणी विचारतात, तर मी घरून काम करताना वायरवाली घालत नाही, साधी कॉटनची घालते, जिला काहीच नको असेल तिने स्लिप घालावी, कुर्ता जाड असला की काही कळत नाही. टोचणारा, आवळणारा कपडा अंगावर असेल तर लक्ष त्याच्याकडेच जातं, मग तयार होण्याचा उपयोग काय. घरात चप्पल घालायची आमच्याकडे पद्धत नाही, पण टाच दुखायला लागल्यावर मी टेबलाखाली एक जुनी सतरंजी दुमडून ठेवली, पाय त्यावर.

इस्त्री मी रविवारी खाली देते, तीन कुर्ते, बुधवारी परत. पावसाळ्यात पंचाईत होते, जुलैमध्ये कॉटन दोन दोन दिवस वाळत नाही, कुबट वास येतो, तेव्हा कुर्ता रात्री पंख्याखाली पसरून सकाळी दमट असतानाच इस्त्री फिरवायची. आणि मासिक पाळीच्या दिवसांत किंवा ताप असेल तर मी गाऊनवरच काम करते आणि घरात आधी सांगते की आज मी ऑफिसात आहे, गाऊनकडे बघू नका. आता त्यांना तेही कळतं. मुलगा दारात येऊन माझ्या हाताकडे बघतो, घड्याळ आहे का.

पण सगळ्यात महत्त्वाचं मला संध्याकाळचं वाटतं, आणि त्याबद्दल कुणीच बोलत नाही. सकाळी तयार व्हा, सकाळी तयार व्हा, सगळे हेच सांगतात, पण काम संपलं हे कोण सांगणार? पहिल्या वर्षी मी जेवायला वाढताना मेल बघायचे, रात्री अकराला "एक मिनिट" म्हणून लॅपटॉप उघडायचे. माझी आजी दिवेलागणीच्या आधी तोंड धुवायची, वेणी-फणी करायची, दिवसभराचं लुगडं बदलायची आणि मग दिवा लावायची, रोज, कुणी येणार असो नसो. लहानपणी मला वाटायचं हे देवासाठी आहे. आता मी साडेसहाला लॅपटॉप बंद करते, घड्याळ काढून टेबलाच्या खणात ठेवते, तोंड धुते, कुर्ता उतरवून दाराच्या हुकला अडकवते आणि गाऊन घालते. तोच गाऊन, छापील, चेनवाला. आणि बाहेर आले की पहिली हाक येते, "अगं, भाजी कुठली करायची?" आणि आता त्या हाकेचा मला राग येत नाही, कारण आता मी घरी असते.

उद्या महिनाअखेर आहे. मोरपंखी कुर्ता इस्त्रीवाल्याकडे अडकलाय, राखाडीवर मुलाने आमरस सांडलाय, आणि निळा आत्ताच धुवून पंख्याखाली टाकलाय, सकाळपर्यंत वाळायला हवा.